घरचा वाफा

१२ जानेवारी

सूनबाई,

आशीर्वाद लिहीत नाही. तू ते घेणार नाहीस आणि माझे फुकट जातील.

फोन तू उचलत नाहीस. तुझ्या नवऱ्याच्या फोनवरून केला, शेजारणीच्या फोनवरून केला, माझं नुसतं 'अगं' ऐकलंस आणि ठेवून दिलास. म्हणून पत्र. पत्र फाडता येतं, पण फाडण्याआधी माणूस दोन ओळी वाचतोच. पत्ता तुझ्या वहिनीकडून घेतला. तिच्यावर चिडू नकोस, देईपर्यंत मी तिला सुखाने बसू दिलं नाही.

जेवताना मी बोलले ते बोलले. 'एवढी भीती वाटते तर जा, दुसरीकडे भाजी आभाळातून पडत असेल,' असं म्हणाले आणि तू खरंच पोराला उचलून गेलीस. पण तू काय कमी बोललीस? डेपोच्या भाजीत विष असल्याचं पेपरातलं ते कात्रण ताटाशेजारी ठेवलंस आणि म्हणालीस, "आई, तुम्ही लोकांना विष विकता आणि माझ्या पोरालाही तेच भरवता." ह्यांचा घास हातातच राहिला. उचलली जीभ, लावली टाळ्याला! कचरा डेपोच्या पायथ्याशी आम्ही इतकी घरं भाजी काढतो, तुझा नवरा रांगत होता तेव्हापासून. अर्धं शहर आमचा पालक खातं. मेलं का कुणी? दुसरीकडे पोतीच्या पोती खत ओतून जे येत नाही, ते इथे नुसतं बी फेकलं तरी येतं.

असो. भांडायला पत्र लिहीत नाही. वहिनी म्हणाली, तू कुठल्याशा कपड्यांच्या कारखान्यात शर्टाच्या बाह्या शिवतेस आणि बटाट्याला दिवसभर शेजारच्या बाईकडे ठेवतेस. डॉक्टर म्हणाले म्हणे, पोराचं रक्त कमी आहे, हिरवी भाजी द्या. ते ऐकलं आणि माझं जेवणावरचं मन उडालं. जन्मला तेव्हा एवढा गोल होता की ह्यांनी त्याचं नाव बटाट्या ठेवलं. आता शेंग झाली असेल त्याची. तुझ्या त्या शहरात मिळते ती भाजी दोन दिवस ट्रकमध्ये झोपून आलेली. तिच्यातच रक्त नाही, ती पोराला कुठून देणार?

मी काहीतरी पाठवते. परत पाठवायचं असेल तर टपालाचा खर्च तुझा.

तुझी सासू

३ फेब्रुवारी

सूनबाई,

पार्सल पोचलं असेल. तू ते अजून उघडलं नसशील, हेही मला माहीत आहे. म्हणून आत काय आहे ते इथेच सांगते.

डब्यात पालकाची पूड आहे. कोवळी पानं खुडली, पाणी बदलून बदलून धुतली, सावलीत कापडावर वाळवली, वरून जाळी घातली. मग हाताने चुरून मलमलच्या फडक्यातून गाळली. अख्ख्या वाफ्याचा पालक वाळला तेव्हा हा एवढासा डबा भरला. पोरांना भाजी नको असते, पण भातात दोन चमचे पूड कालवली तर कळतही नाही.

आता नाक मुरडण्याआधी ऐक. ही डेपोच्या उतारावरची नाही. घरच्या वाफ्यातली आहे. तुला माहीत आहे सगळं, पण राग आला की तू माहीत असलेलंही विसरतेस. आपल्या वस्तीत प्रत्येकाचा एक वाफा घरासाठी राखलेला असतो आणि त्यातलं पानसुद्धा बाजारात जात नाही. आजारी माणूस, बाळंतीण, आलेला पाहुणा, यांच्यासाठीच तो. उतारावर खुरपं मारलं की प्लास्टिक निघतं, काचा निघतात, कधी सुया निघतात, ते मी नाकारत नाही. पण घरामागच्या आपल्या वाफ्यात मला पिशवीचा एक तुकडा शोधून दाखव, मी डेपो गिळीन. हातच्या काकणाला आरसा कशाला? तूच किती वेळा ती माती चाळली आहेस. लोण्यासारखी काळी आणि मऊ. आम्ही इथे आलो तेव्हा त्या जागेवर राखेचा ढीग होता, ह्यांनी तो पसरून वाफा केला. इतरांना हेवा वाटला होता. राखेच्या जमिनीसारखी जमीन नाही, आणि विस्तव लागून गेल्यावर वाईट असं मागे काय उरणार?

बटाट्या पोटात होता तेव्हा तुला कशातलं घातलं? त्यातलंच. तेव्हा तू बोटं चाटत होतीस.

इकडे शेळीचं काय बिनसलंय कळत नाही. घरच्या वाफ्यातली देठं तिलाच घालते, तरी अंगाला काही लागत नाही. भिंतीला डोकं टेकून उभी राहते. ढकललं तर एकाच जागी गोल गोल फिरते. हे म्हणतात, हिलाही सुनेसारखा राग आलाय.

डबा उघड.

तुझी सासू

२१ फेब्रुवारी

अगं सूनबाई,

तुझं कार्ड आलं! 'पूड मिळाली. भातात कालवून दिली, आवडीने खातो. अजून पाठवलीत तर बरं होईल.' नमस्कार नाही, ख्यालीखुशाली नाही, खाली सहीसुद्धा नाही. पण 'अजून' लिहिलंस. त्या एका शब्दावर मी दोन दिवस तरंगते आहे. पोस्टमनला चहा पाजला. ह्यांना वाचून दाखवलं, मग तुझ्या नवऱ्याला वाचायला लावलं, मग मीच परत वाचलं. शेजारीण म्हणाली, "लॉटरी लागली का हो?" म्हटलं, लॉटरीच समज.

तुझा नवरा लगेच टेम्पो काढून तुझ्याकडे निघाला होता. मी थांबवलं. म्हटलं, माती ओली झाल्याशिवाय बी टाकायचं नसतं, गप्प बस. तो बसला. तुझी चप्पल अजून दारात तशीच ठेवलीय त्याने, मला हलवू देत नाही. हे मी सांगितलं असं त्याला कळू देऊ नकोस.

या वेळी मोठा डबा पाठवते आहे. पुढचा पालकही राखून ठेवलाय, दुसऱ्या कुणाला पान देत नाही. समोरची म्हणाली, "आम्हालाही द्या की थोडा." म्हटलं, माझ्या नातवाचा आहे.

शेळी गेली. शेवटी तिला दिसत नव्हतं बहुतेक, पाण्याच्या भांड्यातच पडायची. ह्यांचं पोट साफ होत नाही, कळा येतात, आणि दिवसभर तोंडात नाणं धरल्यासारखी चव आहे म्हणतात. वय झालं, दुसरं काय. माझ्या हातातून खुरपं निसटतं आहे, पण ते थंडीने असेल.

बटाट्याची उंची भिंतीवर खूण करून मोजतेस ना? मोज.

तुझी सासू

१५ मार्च

सूनबाई,

तू 'काय करू?' असं मला विचारलंस. या घरात आल्यापासून पहिल्यांदा. खरं सांगते, पोराची काळजी वाटायच्या आधी मला आनंद झाला. मग माझी मलाच लाज वाटली.

पोट दुखतं म्हणून रडतो, रक्त पुन्हा तपासलं तर आणखी उतरलंय, असं लिहिलंस. घाबरू नकोस. दोनाचे तीन चमचे कर. रक्त काय नळाचं पाणी आहे, सोडलं की आलं? दमाने येतं. पोटाला ऊन पाण्याची पिशवी लाव. चिडचिड करतो, आधी म्हणायचा ती गाणी आता अर्ध्यावर सोडतो, समोरची वस्तू काय ते त्याला आठवत नाही, हे वाचून मात्र मला तुझ्याशी भांडावंसं वाटलं. आईबाप दोन गावांना राहिले की पोरं अशीच मुकी होतात. औषध तुझ्या हातात आहे. मी जास्त बोलत नाही.

इथे एक नवीनच संकट आलंय. बाजारातले व्यापारी म्हणतात, माती आणि भाजी तपासून आणा, तरच माल घेऊ. त्यासाठी प्रयोगशाळेतली एक मुलगी वाफ्यावाफ्यांतून फिरते आहे. हातात मोजे, गळ्यात पिशव्या. वस्तीने तिचं नाव मातीवाली ठेवलंय. पोरगी गोड आहे, सगळ्यांना मावशी-काका म्हणते, पण आहे आपल्या पोटावर पाय द्यायला आलेली. शितावरून भाताची परीक्षा करणार म्हणे. मी म्हटलं, मग शीत मीच निवडून देते!

तिला उतारावर जाऊच दिलं नाही. घरामागे नेलं, आपल्या वाफ्यापाशी उभं केलं. ती म्हणाली, "मावशी, तुमचा वाफा हाच ना?" मी म्हटलं, "हाच." खोटं कुठे बोलले? तिने स्वतःच्या हाताने माती उकरली, पालक उपटला, पिशव्यांवर खुणा केल्या. जाताना मी तिला एक जुडी घरी न्यायला दिली. ती नको म्हणाली. बघच तू, आपला निकाल असा येईल की व्यापाऱ्यांची तोंडं बंद होतील, आणि ते पेपरवालेही गप्प बसतील. मग तो कागद मी तुलाच पाठवणार आहे.

ह्यांची कंबर बसली आहे. रात्रीचं जेवण सोडलं त्यांनी, मी घरच्या पालकाचं पाणी तेवढं देते.

आई

२ एप्रिल

सूनबाई,

अक्षराला हसू नकोस. उजवा हात नीट उचलवत नाही, पेन दोन बोटांत अडकवून लिहिते आहे.

तू मे महिन्यात येतेस! कारखाना पंधरा दिवस बंद, तेव्हा येते, जमलं तर राहते, असं लिहिलंस. तुझ्या नवऱ्याने दाराला रंग लावायला घेतला आणि निम्मा स्वतःच्या अंगाला लावला. मी वाफ्यात मुळ्याचं बी टाकलंय, तुम्ही याल तेव्हा बोटाएवढे होतील. बटाट्याला स्वतःच्या हाताने उपटू दे, पोरांना मजा वाटते.

अजून फिका दिसतो म्हणतेस तर चार चमचे दे. पूड संपत आली असेल, आणखी एक डबा या पत्राबरोबर पाठवते.

ये गं. बाकी काही नाही, ये.

आई

१७ एप्रिल

हे अक्षर तुझ्या नवऱ्याचं आहे, बोलते आहे मी. माझा हात मनगटापासून खाली लोंबतो, बोटं वर होत नाहीत. त्याला बजावलंय, मी सांगते तसंच लिही, मवाळ करू नकोस.

तुझ्या वहिनीकडून निरोप दिला होता की पूड बंद कर. मिळाला नसेल, किंवा सासूचं नवीन नाटक म्हणून तू मनावर घेतला नसशील, तर आता हा कागद खाली ठेव. डबे ओतून दे, पोराच्या हाताला लागू देऊ नकोस. मग पुढे वाच. निरोपात कारण सांगितलं नव्हतं. ते तुला दुसऱ्याकडून कळायला नको होतं.

परवा मातीवाली आली. टेबलावरचं काम तसंच टाकून आली असावी, पांढरा कोट अंगावरच होता. बस म्हटलं तर बसली नाही. म्हणाली, "मावशी, घरामागच्या वाफ्यातलं कोण खातं?"

मी तोऱ्यात म्हटलं, "बाजार खातो की. का, लागला का निकाल?"

"खरं सांगा. मला वाटलं यंत्र बिघडलं, म्हणून मी सगळं पुन्हा तपासलं. उतारावरच्या भाजीतही शिसं आहे, कॅडमियम आहे, ते वाईटच आहे. पण तुमच्या या एका वाफ्यात आहे तितकं मी अजून कुठल्या मातीत पाहिलेलं नाही. इथे आधी काय होतं?"

"काही नव्हतं," मी म्हटलं. "राख होती."

हे खाटेवर पडून ऐकत होते. ते म्हणाले, "भट्टी होती."

सूनबाई, इतकी वर्षं संसार केला, मला हे ठाऊक नव्हतं. आम्ही येण्याआधी भंगारवाले त्या जागी गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या फोडायचे आणि आतलं शिसं वितळवून न्यायचे. ते गेले, राख राहिली. ह्यांनी ती पाहिली, हातात घेतली, आणि भाजीवाल्याला राख दिसल्यावर जे वाटतं तेच ह्यांना वाटलं. सगळ्यात चांगली जागा घराला ठेवली. "जळून गेलेलं काय वाईट करणार, असं वाटलं," ते म्हणाले. मातीवाली हळूच म्हणाली, "काका, शिसं जळून जात नाही. राखेतच राहतं." ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मी त्यांना एक शब्द बोलले नाही. मला विचारलं असतं तर मीही हेच म्हणाले असते.

मी म्हटलं, "पण आम्ही धुऊन खातो."

"वर लागलेली माती जाते धुतल्यावर. पानाच्या आत गेलेलं जात नाही."

"आणि वाळवली तर?" मी विचारलं. का विचारलं ते तिला कळलं नाही. ती सहज म्हणाली, "वाळवली तर पाणी तेवढं जातं. बाकीचं सगळं तिथेच राहतं, थोडक्या जागेत."

मी तुझ्यासाठी भरून ठेवलेला डबा आणून तिच्यापुढे ठेवला. मग ती बसली.

तिला सगळं सांगितलं. दोन चमचे, मग तीन, मग चार. रक्त कमी म्हणून. ती म्हणाली, "मावशी, रक्त त्यानेच कमी होतं." पोटाच्या कळाही त्यानेच. चिडणं, विसरणं, गाणं अर्ध्यावर सोडणं, तेही. मी तुला लिहिलं होतं, आईबाप वेगळे म्हणून पोर मुकं झालं. तू मला त्याचं दुखणं कळवत गेलीस आणि मी चमचा वाढवत गेले.

आता आणखी एक सांगते, कारण ते लपवलं तर या पत्राला अर्थ नाही. आधी मी तुझ्या नवऱ्याकडून वेगळंच पत्र लिहून घेत होते. 'पूड दमट झाली, बुरशी असेल, टाकून दे. मे महिन्यात या, तोवर मी वाफा मोडून ठेवते.' एवढंच. तू आली असतीस, तुला काही कळलं नसतं. हा लिहिता लिहिता थांबला आणि म्हणाला, "आई, मग त्याचं रक्त कोण तपासणार?" मी तो कागद दाताने फाडला, हाताने फाडता येत नाही म्हणून.

तर नीट ऐक. त्याला मोठ्या दवाखान्यात ने. नेहमीच्या तपासणीत हे दिसत नाही, रक्तातलं शिसं तपासा असं मुद्दाम सांगावं लागतं. मातीवालीने काय सांगायचं ते तुझ्या नवऱ्याला समजावलंय. अंगातून शिसं उतरवायचं औषध असतं, जितकं लवकर तितकं चांगलं. डोक्यावर जो परिणाम झाला असेल तो भरून येईल का, हे मी तिला पुन्हा पुन्हा विचारलं. ती नुसती माझा हात धरून बसली. तुझंही रक्त तपासून घे. तो पोटात होता तेव्हा मी तुला काय काय भरवलं, ते मला आता आठवून बघवत नाही.

इकडे येऊ नकोस. मेमध्ये नको, मी बोलावलं तरी नको. मी बोलावीन, माझा भरवसा नाही. वस्तीत अजून कुणी हे मानायला तयार नाही. प्रत्येकाच्या घरामागे असाच एक वाफा आहे आणि प्रत्येकाच्या घरात पोर आहे, कोण मानेल? ती मुलगी दारोदार फिरली तर लोकांनी दारं लावली. काल समोरची पालक मागायला आली, तिची लेक बाळंत झालीय. मी म्हटलं, देणार नाही, त्यात विष आहे. ती म्हणाली, "द्यायचं नाही तर नाही म्हणा, असलं अभद्र कशाला बोलता?" आणि आज सकाळी बघते तर वाफ्याचा एक कोपरा कुणीतरी खुडून नेलाय. ती भाजी आता कुणाच्या तरी चुलीवर असेल. मी समोरच्या दारी जाऊन ओरडले, पण त्यांनी माझ्या तोंडावर दार लावलं आणि आतून हसण्याचा आवाज आला. तुझा नवरा तुझ्याकडे निघण्याआधी वाफ्यावर रॉकेल ओतून जाणार आहे, म्हणजे ती भाजी कुणी तोंडात घालणार नाही. मी जाळायचं म्हणाले होते. मातीवालीने जाळू दिलं नाही, धुरातून विष घरोघर जाईल म्हणाली.

आता तुझ्याबद्दल. चमचा तुझ्या हातात होता, म्हणून तू स्वतःला खात बसशील. ओळखते मी तुला, तू माझ्यासारखीच आहेस. ते करू नकोस. तू वेळेवर त्याला इथून काढून नेलंस. तुला बरोबर कळलं होतं आणि मी तुला वेडी ठरवलं. मग तू जिथे नेलंस तिथे मी टपालाने पाठवलं, पैसे भरून, पत्ता नीट लिहून. मोठा झाल्यावर त्याने विचारलं, मला असं का झालं, तर माझं नाव सांग. 'आजीने केलं' म्हण. 'तिचा जीव होता तुझ्यावर' वगैरे जोडू नकोस. जीव होता म्हणूनच तर झालं, पण ते त्या पोराने कशाला समजून घ्यायचं?

हे पत्र देऊन तुझा नवरा दारात उभा आहे. पोराला न्यायला नाही आला, तुम्हा दोघांना दवाखान्यात न्यायला आलाय. मला काय शिव्या द्यायच्या त्या वाटेत दे, तो ऐकून घेईल. पोराच्या अंगात काहीतरी घाल आणि निघ.